लोटनभाऊंचा उजवा गाल

मित्रांनो, तुमच्या विज्ञानखोलीत सांगाड्याच्या शेजारी एक करड्या रंगाचा, चारपैकी तीनच चाके शाबूत असलेला पेटारा उभा आहे ना, तो मी. मी एक जुना सोनोग्राफीचा संच आहे. तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या काचेवरच्या धुळीत बोटाने 'टीव्ही बंद आहे' असे लिहिले आहे. मी टीव्ही नाही. माझ्यावर सिनेमा कधीच लागला नाही. एकदा मात्र एका माणसाचा गाल लागला होता, आणि त्या गालाने मला असे बुचकळ्यात टाकले की आजवर मी त्यातून पुरता वर आलेलो नाही. तुमच्याच असोद्याच्या माणसाची गोष्ट आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. त्यातले मला फारसे आठवत नाही. पुढे मी मुंबईच्या एका दवाखान्यात काही वर्षे काढली, आणि एकोणीसशे नव्वद साली डॉक्टर लीलाधरांनी मला ट्रकात घालून जळगावला आणले. महिना वैशाखाचा. दवाखान्यात एकच कूलर होता, तो डॉक्टरांनी माझ्या खोलीत लावला. पेशंट बाहेरच्या बाकावर घामाने निथळत बसायचे आणि मी आत गारव्यात. 'काय थाट आहे बघा मशीनचा!' असे लोक म्हणायचे. मला त्याची लाज वाटायची आणि, खरे सांगतो, थोडी ऐटही यायची.

माझे काम साधे आहे. विहिरीत तोंड घालून तुम्ही हाक मारता आणि हाक परत येते, तसेच मी करतो. माझी हाक मात्र माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. अंगावर जेली लावून माझा मुठीएवढा दांडा, म्हणजे प्रोब, टेकवला की आतून हाक परत येते आणि तिचे काळे-पांढरे चित्र मी काचेवर काढतो. डॉक्टर त्या चित्रावर अधिकाची दोन चिन्हे ठेवायचे, आणि त्या दोन चिन्हांमधले अंतर मी मिलिमीटरमध्ये सांगायचो. पित्ताशयातले खडे, मूत्रपिंडाची सूज, पोटातले बाळ, सारे मला पाठ झाले होते. मोजण्यात मी कधी चुकलो नाही. डॉक्टर आल्यागेल्याला सांगायचे, 'हे मशीन खोटे बोलत नाही.'

संध्याकाळी लताबाई मला पुसायच्या. त्या दवाखान्यातल्या आया, माहेर धुळ्याकडचे. प्रोबवरची जेली त्या मऊ फडक्याने अशी टिपायच्या, जसे जेवून उठलेल्या लेकराचे तोंड पुसावे. असे दिवस चालले होते. मग लोटनभाऊ आले.

त्र्याण्णव सालच्या जानेवारीतल्या एका सकाळची गोष्ट. पन्नाशीचे, काटक, पांढऱ्या टोपीचे लोटनभाऊ बाकावर बसले ते उजव्या गालावर हात ठेवूनच. बरोबर त्यांच्या पत्नी पुष्पाबाई. नवऱ्याला बोलू न देता त्यांनीच सुरुवात केली.

"डाक्टरसाहेब, यायच्या गालात गाठ हाये. हात लावून पाहा, दगडावानी लागते. नशिराबादले माह्या मावसदिराले अशीच झाली व्हती. दिवाईले गाठ दिसली अन् शिमग्याले मानूस गेला."

"गाठ-बिठ काही नही," लोटनभाऊ पुटपुटले. "जेवताना जबडा दमतो. इतकंच."

"तंबाखू खाता?" डॉक्टरांनी विचारले.

"नही."

"सुपारी? गुटखा?"

"कधीच नही, साहेब."

"काही कडक चावता का?"

"भाकर सुदिक दुधात कुस्करून खातो."

"काम काय करता?"

"जिनमधी असतो. नेमीचंद शेठच्या."

जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना, हे खानदेशातल्या पोरांना मी सांगायला नको. डॉक्टरांनी कागदावर 'नोकरी' असे लिहिले आणि पुढे गेले. लोटनभाऊंनी एकही उत्तर खोटे दिले नव्हते. तरी काहीतरी निसटले होते. काय निसटले ते मला कळले नाही, आणि कळले असते तरी मी बोलणार कसा?

पोटावर फिरायची सवय असलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा एका माणसाच्या गालावर गेलो. मला तर काही उमगेना. गाठ म्हणजे काय ते मला ठाऊक होते. गाठीला काठ असतो, ती आजूबाजूच्या मांसाला ढकलून बसते. इथे काठच नव्हता. होता तो एक जाड, रेघारेघांचा स्नायू, चावताना कानाखाली हाताला लागतो ना, तोच. डावीकडे तो अकरा मिलिमीटर होता, उजवीकडे पंधरा. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. "चार दिवसांनी पुन्हा या," एवढेच म्हणाले.

चार दिवसांनी लोटनभाऊ संध्याकाळी आले, जिनातून थेट. टोपीवर, भुवयांवर कापसाचे तंतू. तोच गाल, तीच जागा, तीच दोन चिन्हे. मी सांगितले, सतरा.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. चार दिवसांत दोन मिलिमीटर! वाढ एवढी झपाट्याने होत असेल तर ती साधी नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. पुष्पाबाईंना त्यांनी हळू आवाजात समजावले, "गालाला छेद देऊन आतला तुकडा काढून तपासतील. चेहऱ्याची नस तिथूनच जाते. दुखावली तर तोंड वाकडे राहू शकते. पण जीव महत्त्वाचा."

पुष्पाबाईंनी मुंबईला कधी निघायचे ते विचारले. लोटनभाऊंनी मात्र भलताच प्रश्न विचारला. "साहेब, मंग दाढनं काही फोडता येईल का?"

"अहो, जिवावर बेतलंय आणि तुम्हाला चणे-फुटाणे सुचतात?" डॉक्टर त्रासून म्हणाले.

मला वाटले, विचित्रच माणूस आहे.

संक्रांतीचे दोन दिवस जीन बंद होते. तिसऱ्या दिवशी सकाळी, मुंबईला पाठवायचे चित्र काढायला म्हणून डॉक्टरांनी त्यांना पुन्हा आडवे केले. मी मोजले. पंधरा.

डॉक्टरांनी चिन्हे पुसली, पुन्हा ठेवली. पंधरा. प्रोब बदलला. पंधरा. मग मित्रांनो, जे कधी झाले नव्हते ते झाले. त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "परवा सतरा, आज पंधरा! गाठ काय मागे जाते? मशीनच बिघडलंय."

ज्या माणसाने मला 'खोटे बोलत नाही' असे म्हटले होते, त्यानेच साऱ्याचे खापर माझ्यावर फोडले. मी फार गोंधळलो. सतराही मीच म्हटले होते, पंधराही मीच. दोन्ही वेळा जसे दिसले तसे सांगितले. मग खोटा कोण? मी की तो गाल? नाशिकहून दुरुस्तीचा माणूस आला. त्याने ठरलेल्या मापाच्या एका ठोकळ्यावर मला तपासले आणि मान हलवून गेला, दोष नव्हता. लताबाई त्या दिवशी मला पुसताना म्हणाल्या, "येनं बठ्ठं बरोबर शे. बिचारं जे दखस तेच सांगस." मी दिसते तेच सांगतो, हा त्यांचा शब्द मला गोड लागला, पण आयाबाईंचे ऐकतो कोण!

निर्दोष ठरूनही माझा जीव भांड्यात पडला नाही. उलट वाईटच झाले. यंत्र ठीक आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी विचार केला, की मोठा आकडाच धरावा, धोका पत्करू नये. मुंबईचा दिवस ठरला. ज्या गालावर मी सतराची खूण केली होती त्याच गालावर सुरी चालणार होती, आणि ती माझ्या खऱ्या बोलण्यावरून चालणार होती. खरे बोलूनही माणसाचे वाईट होऊ शकते, हे मला माहीतच नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे चिठ्ठी न्यायला आले. डॉक्टरांच्या मनात काय आले कोण जाणे, म्हणाले, "एकदा शेवटचं बघतो. या वेळी दात आवळून धरा, आतलं हलतं का ते बघू." दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून लताबाईंनी गुंडाळीतून कापसाचा बोळा तोडून लोटनभाऊंच्या हातात दिला. "हाऊ दाढखाले धरा, आबा."

लोटनभाऊंनी बोळा घेतला. पण तोंडात घातला नाही. दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी तो मधोमध फाडला, चिमटीने चाचपला, उलटा केला, पुन्हा फाडला. इतक्या सराईतपणे, की आपण काय करतो आहोत हे त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. लताबाईंना हसू आवरेना.

"ओ आबा, हाऊ दवाखानाना कापूस शे! यामा सरकी कथाईन सापडी?"

डॉक्टरांचा हात माझ्या बटणावर होता तो थांबला. "सरकी? सरकी कशाला शोधता?"

लोटनभाऊ ओशाळले. बोळा मुठीत लपवून भिंतीकडे बघू लागले. तेव्हा पुष्पाबाई म्हणाल्या, "कशाले म्हंजे? फोडाले. त्यायचं कामच ते हाये. तीस वर्सं झाले, दसऱ्यापासून होळीपावतर जिनात आलेल्या हरेक गाडीतली सरकी ते दाढखाली फोडून पाह्यतात. कट्ट् वाजली तं माल सुका. नुस्ती चेपली तं वला. सारा बाजार यायच्या दाढवर चालतो."

"हरेक गाडीतली? एका गाडीत किती?"

"दहा-बारा ठिकानची. गाड्या येतात साठ-सत्तर."

"आणि ती नेहमी उजव्या दाढेखाली?"

"डाव्या दाढले समजत नही, साहेब," लोटनभाऊ हळूच म्हणाले.

डॉक्टर त्यांच्याकडे असे बघत होते, जणू हा माणूस आत्ताच दारातून आत आला आहे. "मी विचारलं होतं, कडक काही चावता का? तुम्ही नाही म्हणालात!"

"चावतो कुठी, साहेब? फोडतो अन् थुकून देतो. सरकी काय खायची चीज हाये? ते ढोराचं खानं."

खिशात सरकी आहे का, असे डॉक्टरांनी विचारले. हा काय प्रश्न झाला! सदऱ्याच्या दोन्ही खिशांतून ओंजळभर निघाली. लोटनभाऊंना उशीला टेकून बसवले, प्रोब गालावर धरला, आणि डॉक्टर म्हणाले, "फोडा."

कट्ट्. माझ्या काचेवर तो स्नायू फुगून वर आला आणि खाली बसला. कट्ट्. पुन्हा वर, पुन्हा खाली. पहिल्या वीस सरक्या झाल्या तेव्हा मी पंधराच दाखवत होतो. पन्नासाव्या सरकीला स्नायू सैल असतानाही सोळा. ऐंशीनंतर लोटनभाऊंच्या कपाळावर घाम आला, सरकी फुटायच्या ऐवजी दाढेखालून निसटू लागली, आणि मी सांगितले, सतराला थोडे कमी. मग डॉक्टरांनी त्यांना दोन तास बाकावर नुसते बसवून ठेवले. गरम पाण्याचा शेक दिला. पुन्हा मोजले, तर पंधरा.

"गाठ नाही ही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "हा दमलेला स्नायू आहे. कामाने जाड झालेला, आणि रोज संध्याकाळी दमून सुजणारा! सकाळी आलात तेव्हा पंधरा, जिनातून आलात तेव्हा सतरा." त्यांनी मुंबईची चिठ्ठी पुष्पाबाईंच्या हातातून परत घेतली आणि खणात टाकली. मग माझ्याकडे वळून, जिथे थाप मारली होती तिथेच हात ठेवला. मी माफ करून टाकले.

पुष्पाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आता हसायची वेळ होती, पण लोटनभाऊ हसेनात. ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब, शेठले सांगू नका."

तेव्हा मला कळले, की त्या माणसाला सुरीची भीती नव्हतीच. त्याला दुसरीच भीती खात होती. महिनाभर त्यांच्या दाढेला सरकी कळत नव्हती. सकाळच्या गाड्या ठीक जायच्या, दुपारनंतर जबडा बधिर व्हायचा. मग सुकी कुठली आणि ओली कुठली, ते अंदाजाने सांगायचे. "यावलच्या सुकदेवची गाडी मी वली म्हनून परत धाडली. तिच्यातून रस्त्यात सांडलेल्या कापसातली सरकी उचलून सकायी घरी फोडली, तं खडखडीत सुकी. तीस वर्सात कोनी माह्या दाढवर शंका घेतली नही, साहेब. आता मलेच शंका येते."

म्हणजे बघा, आम्हा दोघांची गत एकच होती. दोघांच्याही शब्दावर लोकांचा विश्वास, आणि दोघांनाही स्वतःचाच भरवसा वाटेना. फरक एवढाच, की मला तपासायला नाशिकहून माणूस आला. त्यांना तपासायला कुणी आले नव्हते.

डॉक्टरांनी शेठजींना काही कळवले नाही. दुसऱ्या दिवशी लोटनभाऊ शेक घ्यायला आले असताना नेमीचंद शेठ स्वतःच दवाखान्यात विचारपूस करायला आले, आणि लोटनभाऊंनीच त्यांना सारे सांगून टाकले, सुकदेवच्या गाडीसकट. लोटनभाऊंची तर पाचावर धारण बसली. पण शेठ म्हणाले, "अरे भाऊ, तीस साल झाले. एक बार बोलायचं ना, की दुखतं. मी काय तुमची दाढ विकत घेतली आहे?" मग म्हणाले, "सुकदेवकडे आपण दोघे जाऊ. माफी मात्र तुम्ही मागा." आणि दोघे खरोखरच यावलच्या बसने गेले.

पुढच्या हंगामात जिनात ओलावा मोजायचा मीटर आला. सुईचा, छोटासा, माझ्याच जातीचा म्हणायचा. लोटनभाऊ गाडीच्या पोटातून मूठभर कापूस काढायचे आणि मीटरखाली धरायचे. फोडायचे काम संपले. दोन वर्षांनी ते डॉक्टरांना केळीचा घड द्यायला आले, तेव्हा डॉक्टरांनी हौसेने त्यांना पुन्हा माझ्यापुढे बसवले. डावा गाल अकरा. उजवा गाल अकरा.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "दोन्ही सारखे. आता काही राहिलं नाही तिथं."

लोटनभाऊ काचेकडे बघत राहिले. सावकाश गालावरून हात फिरवला. "काहीच नही राह्यलं?" असे म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "बरं झालं."

मी आकडा बरोबर सांगितला होता. आकडा चांगला होता. तरी मला वाटले, मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतले. बरोबर वाटले की चूक, ते मला अजून ठरवता येत नाही.

माझेही दिवस तसेच भरले. सत्त्याण्णव साली दवाखान्यात रंगीत चित्राचे नवे यंत्र आले. कूलर त्याच्याकडे गेला आणि मी जिन्याखाली. लताबाईंनी माझ्यावर जुने लुगडे टाकले, पण पुढे त्याही धुळ्याला लेकीकडे गेल्या आणि लुगड्यात उंदरांनी घर केले. वर्षभराने भंगारवाला दारात उभा होता, त्याच दिवशी योगायोगाने लोटनभाऊ आले. तुमच्या शाळेच्या समितीवर ते होतेच. डॉक्टरांना म्हणाले, "हे मशीन मले द्या. पोरायले दाखवतो." आणि मला ट्रॉलीत कापसाच्या ढिगावर बसवून त्यांनी असोद्याला आणले. एवढा मऊ प्रवास मी जन्मात केला नव्हता.

गणेश चतुर्थीला नेमीचंद शेठच्या जिनात नव्या कापसाचा मुहूर्त होतो. मीटर टेबलावर असतो, पण पहिली सरकी लोटनभाऊंनीच फोडायची असा शेठजींचा हट्ट आहे. वर्षातून ती एकच. दुसऱ्या दिवशी ते या खोलीत येतात, खिशातला कापसाचा पुंजका काढतात, त्यात सरकी नाही ना हे सवयीने चाचपतात आणि माझी काच पुसतात. एक हात उजव्या गालावर असतो. तेव्हा तो गाल दुखतो आहे की सुखावला आहे, हे मला कळत नाही. माझी वायर केव्हाच तुटली. वायर असती तरी मला कळले नसतेच.

मित्रांनो, माझ्यावर एखादे कापड टाकलेत तर बरे वाटेल, काचेवर लिहिलेत तरी माझी तक्रार नाही. एवढेच मागतो, की घरी जेवताना कुणी सावकाश चावत असेल, कुणाचा खांदा चढत असेल, कुणाच्या हातातून तांब्या निसटत असेल, तर त्याला दवाखान्यात जरूर न्या, पण त्याच्याजवळ जरा बसाही. आमच्याकडे मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी होती, नाशिकचा माणूस होता, मिलिमीटरपर्यंत मोजणारा मी होतो. लोटनभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "जिनमधी असतो." त्यावर "तिथे काय करता?" एवढे विचारायचे तेवढे राहून गेले होते.